दुधाच्या दाढांची डागडुजी: फेब्रुवारी ते ऑगस्टच्या नोंदी

४ फेब्रुवारी: मोजणी

मुलाचे वय ४ वर्षे ३ महिने, वजन १६ किलो. दुधाचे २० दात तोंडात आहेत, कायमचा एकही अजून उगवलेला नाही. आज फक्त मोजणी. आरसा, उजेड, हवेचा फवारा आणि दोन्ही बाजूंचे छोटे एक्स-रे. टोकदार अवजाराने कीड टोचून पाहिलेली नाही. मऊ पडलेल्या एनॅमलला (दाताच्या कठीण आवरणाला) टोच दिली की जिथे अजून खड्डा नाही तिथे तो पडतो.

क्रमांकांची पद्धत: वर उजवीकडे ५, वर डावीकडे ६, खाली डावीकडे ७, खाली उजवीकडे ८. दुसरा आकडा मधल्या पटाशीपासून मागे १ ते ५. म्हणजे ८५ ही खालची उजवी शेवटची दाढ. डावे-उजवे मुलाचे धरायचे, समोरून बघणाऱ्याचे नाही. पहिल्या कच्च्या कागदावर ६४ ऐवजी ५४ लिहिले गेले होते. काढून टाकायची दाढ नेमकी ६४ आहे, म्हणून तो कागद फाडून नवा केला.

५१ आणि ६१: एकमेकींना टेकणाऱ्या बाजूंवर उथळ तपकिरी खड्डे.
५२ आणि ६२: हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे, खड्डा नाही.
५४: चावायच्या बाजूला छोटा खड्डा.
६४: अर्धी दाढ झडलेली, वरच्या हिरडीवर पुळी.
७४: मागची कड तुटलेली, ७५ च्या फटीत घास अडकतो.
८५: मधोमध खोल खड्डा.

दुधाच्या दाताचे एनॅमल जेमतेम १ मि.मी. जाडीचे असते, कायमच्या दाताच्या साधारण निम्मे. आतली नस मात्र दाताच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाजवळ. त्यामुळे बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे भोक आणि आत नसेपर्यंत पोचलेली कीड, हे दुधाच्या दाढेत नेहमीचेच. दोन दाढांच्या मधली कीड तर कड तुटेपर्यंत डोळ्यांना दिसतच नाही. ती एक्स-रेमध्येच सापडते.

‘दुधाचेच आहेत, पडतीलच’ हे मत या कामात ठामपणे बाजूला ठेवले आहे. ८५ सारखी दाढ १० ते १२ वर्षांच्या वयात पडते. म्हणजे तिच्याकडून अजून जवळजवळ ६ वर्षे तरी चावण्याचे काम हवे आहे. शिवाय सहाव्या वर्षी तिच्या मागे येणारी कायमची दाढ तिच्याच पाठीला टेकून आपली जागा शोधते.

दुखण्याची चौकशी ‘दुखतं का?’ एवढ्या प्रश्नावर होत नाही. खुर्ची टाळायची म्हणून मूल ‘नाही’ म्हणते. विचारायचे ते घरच्यांना: एकाच बाजूने चावते का, थंड पाणी नको म्हणते का, ब्रश एका ठरावीक जागी गेला की हात ढकलते का, रात्री उठून रडते का. ७४ खाताना दुखते आणि अडकलेला घास निघाला की थांबते, म्हणजे तिची नस सावरण्याजोगी आहे. ८५ दोन रात्री काहीही न खाता आपोआप ठणकली आहे, म्हणजे तिची नस आता सावरणार नाही. ६४ अजिबात दुखत नाही. नस मेली आणि पुवाला हिरडीतून वाट मिळाली म्हणून ती शांत आहे. घरच्यांना सगळ्यांत बरी वाटणारी ही दाढच सगळ्यांत बिघडलेली आहे.

कामाचा क्रम एरवी सोप्याकडून अवघडाकडे ठेवतात: आधी मोजणी, मग लेप, मग छोटे फिलिंग, इंजेक्शनचे काम शेवटी. रात्रीच्या ठणक्याने तो मोडला. ८५ पहिली.

५ फेब्रुवारी: मधली रात्र

उद्यापर्यंत वेदना आवाक्यात ठेवायची आहे. हिशेब वजनावरून, वयावरून नाही.

पॅरासिटामॉल: किलोमागे १५ मि.ग्रॅ., १६ किलोला २४० मि.ग्रॅ. दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तास, २४ तासांत ४ पेक्षा जास्त मात्रा नाहीत.
आयबुप्रोफेन: किलोमागे १० मि.ग्रॅ., म्हणजे १६० मि.ग्रॅ., पोटात काही असताना, ६ ते ८ तासांच्या अंतराने, दिवसात ३ वेळा. उलट्या-जुलाब चालू असतील, अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा अशा गोळ्यांनी दम लागत असेल तर नाही.

चूक होते ती बाटलीत. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ. असे मिळते आणि ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ. असेही. २४० मि.ग्रॅ.साठी पहिल्यातले १० मि.ली. लागते, दुसऱ्यातले ४.८ मि.ली. जुन्या बाटलीचे माप नव्या बाटलीला लावले की मात्रा दुप्पट होते. सर्दी-तापाच्या मिश्र औषधातही बहुधा पॅरासिटामॉल असतेच, तेही मोजायचे. माप सुईविना सिरिंजने घ्यायचे, चमच्याने नाही. मात्रा आणि वेळ लगेच कागदावर लिहायची. रात्री दोन मोठी माणसे आळीपाळीने उठतात, तेव्हा हा कागदच दुबार मात्रा टाळतो.

ॲस्पिरिन मुलांना नाही. लवंगेचे तेल खड्ड्यात नाही, ते हिरडी आणि ओठ भाजते. बेन्झोकेनची हिरडीला लावायची जेल घरी वापरायची नाही, दोन वर्षांखालील बाळांना तर मुळीच नाही. तिने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते.

पुढचे काही दिसले तर उद्याची वाट न बघता थेट रुग्णालय: गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरणे, तापासोबत मूल मलूल होणे, तोंड न उघडणे, लाळ गिळता न येणे, श्वासाला त्रास. नुसत्या प्रतिजैविकाने किडलेली दाढ बरी होत नाही. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, मग औषध कसे पोचणार? सूज पसरत असेल किंवा ताप असेल तर ते हवेच, पण दाढ उघडणे किंवा काढणे त्यासोबतच व्हावे लागते. ६४ च्या पुळीसाठी, ताप आणि सूज नसल्याने, प्रतिजैविक दिलेले नाही.

६ फेब्रुवारी: ८५, नसेचे काम

सकाळची वेळ. मूल झोपलेले उठवून आणलेले नसावे आणि दुपारच्या पेंगेलाही आलेले नसावे. दोन तास आधी हलके खाणे.

शब्द आधीच ठरवले आणि घरच्यांनाही तेच वापरायला सांगितले. पाण्याचा फवारा म्हणजे ‘दाताचा पाऊस’, ओढणारी नळी म्हणजे ‘तहानलेली नळी’, बधीर करणे म्हणजे ‘दाताला झोपवणे’. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य बंद. ते एकदा खोटे ठरले की पुढच्या सहा भेटी हातच्या जातात. ‘चिमटा लागेल, दहापर्यंत मोजू, मग संपेल’ हे खरे आहे आणि पाळता येते. सांगा, दाखवा, मग करा, ही पद्धत बालदंतवैद्यकात १९५९ पासून नावाने ओळखली जाते. तिच्यात बहुतेकदा गाळली जाते ती मधली पायरी. फवारा आधी मुलाच्या नखावर, मग दातावर. डावा हात वर झाला की काम थांबते हा करार केला, आणि मुलाने खात्री करायला विनाकारण हात वर केला तेव्हाही थांबलो. त्यानंतर त्याने हात दोनदाच वर केला.

नायट्रस ऑक्साइड (मूल शांत ठेवणारा वायू): नाकावरच्या मास्कमधून आधी नुसता ऑक्सिजन, मग थोडा थोडा वाढवत ३५ टक्के. ५० च्या वर जायचे नाही. शेवटी ५ मिनिटे पुन्हा नुसता ऑक्सिजन. नाक चोंदलेले असेल तर हा उपाय चालत नाही, त्या दिवशी काम पुढे ढकललेले बरे.

भूल देणारे औषध: लिडोकेन २ टक्के, ॲड्रेनलिनसह. कमाल मर्यादा किलोमागे ४.४ मि.ग्रॅ., १६ किलोला ७०.४. एका १.८ मि.ली.च्या काडतुसात ३६ मि.ग्रॅ. असते, म्हणजे दोन पुरी काडतुसेसुद्धा मर्यादेबाहेर जातात. लहान मुलाच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी उरकण्याच्या मोहाला हा आकडा आवर घालतो. आज एक काडतूस लागले. खालच्या जबड्याची नस बधीर व्हायला वेळ लागतो, सुजलेल्या नसेला आणखी. घाईने ड्रिल लावले की मुलाचा विश्वास तिथेच तुटतो. आज दहा मिनिटे थांबलो.

मग रबर डॅम (दाढ वेगळी ठेवणारा रबराचा पडदा), तो धरणाऱ्या क्लॅम्पला दोरा बांधून. नसेचा दाढेतला भाग काढल्यावर मुळांच्या तोंडाशी रक्त पाच मिनिटे दाबूनही थांबले नाही. थांबले असते तर मुळांतली नस राखून वर एमटीए (नसेवर ठेवायचे औषधी सिमेंट) ठेवता आले असते. थांबत नाही म्हणजे मुळांतली नसही सुजलेली आहे. मुळे टोकाच्या १ ते २ मि.मी. अलीकडे थांबून साफ केली, सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावाने धुतली, कागदी कांड्यांनी सुकवली आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयडोफॉर्मच्या लगद्याने भरली. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये घालतात तो गट्टा-पर्चा इथे चालत नाही. दुधाच्या दाढेची मुळे पुढे विरघळणार असतात, आणि भरण न विरघळता मधे उरले तर खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते.

वर ग्लास आयोनोमर सिमेंट. ४५ मिनिटे झाली, मुलाची सहनशक्ती संपली, म्हणून कॅप पुढच्या भेटीवर टाकली. ती फार लांबवायची नाही. नस काढलेली आणि आतून पोकळ झालेली दाढ कॅपविना चिरते.

७ फेब्रुवारी: चावलेला ओठ

घरी गेल्यावर मुलाने बधीर ओठ चावला. आज खालचा उजवा ओठ सुजला आहे आणि त्यावर पांढरट साल आहे. तो पू नाही. तोंडातली जखम भरताना अशीच दिसते. खरवडायची नाही, प्रतिजैविक नको. थंड फडके, ओठाला पेट्रोलियम जेली, आठवडाभरात भरेल.

कारण आमच्या सूचनेतच होते. ‘दोन तास खायला देऊ नका’ एवढे सांगितले गेले. ओठाचा बधीरपणा तीन तासांपर्यंत टिकतो, आणि मूल भुकेने नाही, तर ओठ परका वाटतो म्हणून चावते. सुधारलेली सूचना: बधीरपणा पूर्ण जाईपर्यंत मोठे माणूस शेजारी, ओठ आणि दात यांच्यामध्ये कापसाची वळी (लहानगे पेंगत नसेल तरच), घरी परतताना गाडीत झोपू द्यायचे नाही, दर काही मिनिटांनी तोंडाकडे नजर.

रात्री ठणका नव्हता. औषध लागले नाही.

१० फेब्रुवारी: तीन दिवसांचे खाणे-पिणे

घरच्यांना तीन दिवस तोंडात जाणारे सगळे घड्याळासह लिहायला सांगितले होते, एक दिवस सुट्टीचा धरून. किती खाल्ले हे नको, किती वेळा ते हवे.

साखर तोंडात आली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल करतात आणि पीएच ५.५ च्या खाली घसरतो. तिथे एनॅमलमधले खनिज सुटू लागते. लाळ ते पूर्ववत करते, पण अर्धा तास किंवा जास्त घेते. एका बैठकीत पाच बिस्किटे म्हणजे एक घसरण. तीच पाच बिस्किटे तासातासाने म्हणजे पाच. या कागदावर दिवसाला ९, ११ आणि १० वेळा गोड नोंदले गेले. म्हणजे रोज चार-पाच तास दात विरघळत आहेत. छिद्रे कितीही बुजवली तरी एवढ्या वेळापुढे टिकणार नाहीत, म्हणून या प्रकल्पात आम्ही आजची नोंद ८५ च्या कामाइतकीच मोलाची धरतो.

त्यातली सर्वांत वाईट ओळ रात्री साडेनऊची: बाटलीतून गोड दूध, पिता पिता झोप. झोपेत लाळ जवळजवळ आटते, वरच्या पटाश्यांभोवती दूध साचून राहते. खालच्या पटाश्या जिभेखाली आणि लाळेच्या ग्रंथींजवळ असल्याने वाचतात. या मुलाचे वरचे चार दात किडलेले आणि खालचे चार कोरे, हा नकाशाच बाटलीकडे बोट दाखवतो.

ठरवलेला बदल एकदम नाही. साखर तीन रात्रींत निम्मी, पुढच्या तीन रात्रींत शून्य. मग दूध ब्रश करण्याआधी कपातून, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. बाटली झटक्यात बंद केली की तिसऱ्या रात्री थकलेले घर माघार घेते आणि मुलाला कळते की रडले की मिळते. दिवसा गोड जेवणाबरोबरच, मधल्या वेळी दोनदाच खाणे, ज्यूस बंद. फिरता फिरता घोट घोट प्यायचा नळीचा कप फक्त पाण्यासाठी. नियमित औषधी सरबते चालू असतील तर साखरविरहित पर्याय डॉक्टरांना विचारायचा.

१२ फेब्रुवारी: ब्रश

दिवसातून दोनदा, रात्रीचा चुकवायचा नाही. ब्रश मोठ्या माणसाने करायचा आणि हे सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत चालू. मुलाला आवड म्हणून आधी स्वतः करू द्यावे, पण ते मोजणीत नाही.

पेस्टमध्ये किमान १००० पीपीएम (दशलक्षात १००० भाग) फ्लोराइड. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण ०.१ ग्रॅम. ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी, ०.२५ ग्रॅम, म्हणजे गिळली तरी ०.२५ मि.ग्रॅ. फ्लोराइड. ‘लहानांची’ म्हणून विकली जाणारी काही पेस्ट फ्लोराइडविना असतात. या घरात तीच निघाली, दोन वर्षे वापरलेली. ट्यूब मात्र मुलाच्या हाती ठेवायची नाही. १०० ग्रॅमच्या १००० पीपीएम ट्यूबमध्ये १०० मि.ग्रॅ. फ्लोराइड असते, आणि किलोमागे ५ मि.ग्रॅ. म्हणजे या वजनाला ८० मि.ग्रॅ. एकदम पोटात गेले तर ती तातडीची बाब आहे.

पकड: मोठे माणूस मागे, मुलाचे डोके त्याच्या छातीला किंवा मांडीवर टेकलेले, तोंड वर. समोर उभे राहून केले की वरच्या दाढा दिसतच नाहीत. डाव्या तर्जनीने वरचा ओठ उचलायचा, तेव्हाच हिरडीलगतचा पट्टा दिसतो. तोंड आवळलेले असेल तर बोट गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागे नेले की जबडा आपसूक सैल होतो. क्रम रोज तोच, वर उजवीकडून सुरू, दोन मिनिटे. शेवटी थुंकायचे, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते.

७४-७५ आणि ८४-८५ या फटींत रोज रात्री फ्लॉस (फटीतून ओढायचा दोरा). चिकटून असलेल्या दाढांच्या मधे ब्रशचा केस शिरत नाही.

१४ फेब्रुवारी: चांदीचा लेप आणि व्हार्निश

५१ आणि ६१ वर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. एका थेंबात (साधारण ०.०२५ मि.ली.) पाच दातांपर्यंत भागते, आज थेंबही पुरता लागला नाही. ना ड्रिल, ना सुई. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ डेंटिन (एनॅमलखालचा थर) कठीण करते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतले, फ्लोराइड पेस्ट आणि ग्लास आयोनोमरच्या बरोबरीने.

किंमत रंगात मोजावी लागते. किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे घरच्यांना आधीच उपचारानंतरच्या दातांचे फोटो दाखवून समजावले आणि लेखी संमती घेतली. नुसते ‘थोडा काळसर डाग’ म्हणून सांगितले की आठवड्याने आरशासमोर संताप होतो, आणि तो रास्त असतो. चांदीची ॲलर्जी, तोंडात फोड किंवा हिरडीवर व्रण असेल तर लावायचे नाही. नसेपर्यंत पोचलेल्या दाताला याचा उपयोग नाही, म्हणून ६४ आणि ८५ ला ते कधीच नव्हते.

पायऱ्या: ओठांना आणि हिरडीला पेट्रोलियम जेली, दात कापसाने वेगळे, हवेने कोरडे, सूक्ष्म ब्रशने लेप, एक मिनिट चोळत ठेवायचे, जादा टिपून घ्यायचे. दोन मधल्या पटाश्यांच्या फटीत लेप शिरावा म्हणून फ्लॉसचा तुकडा भिजवून ओढला. कातडीला लागले तर डाग एक-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही.

मग सगळ्या दातांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश, २२,६०० पीपीएम. ५२ आणि ६२ च्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी एवढेच. खड्डा पडण्याआधीचा हा टप्पा अजून मागे फिरतो. व्हार्निशमध्ये राळ असते, तिची ॲलर्जी विचारून घेतली. आज रात्री ब्रश नाही, कडक आणि गरम खाणे नाही. दात पिवळट दिसतील, उद्या सकाळी ब्रशने जाईल.

पूर्ण वेळ: १२ मिनिटे. मूल स्वतः खुर्चीतून उतरले.

२० फेब्रुवारी: ८५ ला कॅप, ७४ ला रबर

८५ ला स्टेनलेस स्टीलची तयार कॅप. चावायची बाजू १ ते १.५ मि.मी. घासली, पुढची फट मोकळी केली, हिरडीवर फक्त बधीर करणारी जेल. नस नसल्याने दाढ दुखत नाही, हिरडी दुखते. कॅप गळ्याशी ‘टक्’ होऊन बसली. ग्लास आयोनोमरने चिकटवली.

७४ च्या पुढे आणि मागे एकेक रबरी सेपरेटर, दोन फ्लॉसच्या दोऱ्यांवर ताणून सरकवलेले. तीन ते पाच दिवसांत ते फट करतात. घरी सांगितले: चिकट खाणे नको, त्या बाजूला फ्लॉस नको, रबर किती आहेत ते रोज रात्री मोजा.

२४ फेब्रुवारी: ७४, कीड न काढता कॅप

मागचा सेपरेटर २२ तारखेला गायब. घरच्यांनी कळवले, गिळला असेल असे ते म्हणाले. गिळलेला रबर बाहेर पडतो, त्याची काळजी नाही. काळजी दुसरी: तो घसरून हिरडीखाली गेला असेल तर हाड खातो. म्हणून आधी फट उघडून, धुऊन, नीट पाहिली. तिथे नव्हता. पुढचा मोजून काढला.

पद्धत हॉल टेक्निक, स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाची. तिच्यावरचा पहिला अभ्यास २००६ मध्ये छापून आला. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, कीड काढायची नाही. कॅपखाली ती बंद केली की जंतूंची साखर तुटते आणि कीड थांबते. अट एकच, नस निरोगी हवी. एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यात डेंटिनचा स्पष्ट पट्टा दिसायला हवा आणि आपोआप होणारा ठणका नसावा. ७४ दोन्हींत बसते, ८५ बसली नसती.

मूल जवळजवळ ताठ बसवले, घशापुढे गॉझ पसरले. कॅप घसरून श्वासनलिकेत जाऊ नये यासाठी याला पर्याय नाही. आकार ४ ढिला, आकार ३ फटींत अडून जरा परत उसळला, तोच योग्य. कॅप सिमेंटने पूर्ण भरली, पोकळी राहू नये म्हणून तळापासून. बोटाने बसवली, मग मुलाने कापसाच्या वळीवर दोन-तीन मिनिटे दात घट्ट आवळले. सिमेंट घट्ट होण्याआधी मधे गाठ मारलेला फ्लॉस दोन्ही फटींतून ओढला.

हिरडी पांढरी पडते, मिनिटांत रंग परततो. चावा उंच होतो, पुढचे दात टेकत नाहीत. हे घरच्यांना आधी सांगितले नाही तर रात्री फोन येतो. काही आठवड्यांत चावा आपोआप बसतो, कॅप घासायची नाही.

५ मार्च: ५४

हातातल्या अवजारांनी मऊ कीड उकरली, ग्लास आयोनोमर भरून बोटाने दाबले, वर जेली. तासभर खायचे नाही. बाकी विशेष काही नाही.

१२ मार्च: ६४ काढली

आता भेटींची सवय झाली होती, म्हणून हे काम इथपर्यंत थांबवले. जास्त थांबवता येत नव्हते. मुळांमधल्या पुवालगतच कायमच्या दाताचा कोंब असतो, आणि जुना पू त्याचे एनॅमल बिघडवतो.

पूर्ण भूल देऊन सगळी कामे एकाच बैठकीत, हा पर्याय ४ फेब्रुवारीलाच तपासला होता. मूल तीन वर्षांखालचे असते, बोलणे समजण्याच्या स्थितीत नसते किंवा चारही बाजूंना नसेची कामे असती तर तोच निवडला असता, आणि त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा उपाशी राहण्याचे तास काटेकोर असतात: पाण्यासारखे पातळ पेय २ तास, आईचे दूध ४, इतर दूध आणि हलके खाणे ६, जड खाणे ८. भूक लागली म्हणून गुपचूप दिलेले बिस्कीटसुद्धा सांगावे लागते, कारण बेशुद्धीत ते फुप्फुसात जाऊ शकते.

सुईआधी क्रमांक मोठ्याने: वर, मुलाची डावी, मागून दुसरी. एक्स-रे समोर धरला. बधीर झाल्यावर मुलाला सांगितले की दाबले जाईल, ओढले जाईल, करकर आवाज येईल. बधीरपणात दाबाची जाणीव जात नाही, आणि न सांगता आलेला दाब मूल दुखणे म्हणूनच वाचते. तिन्ही मुळे बाहेर आल्यावर मोजली, शाबूत. टोक तुटले असते तर कोंबाच्या भीतीने खोल खोदले नसते.

अर्धा तास गॉझ दाबून. दिवसभर थुंकणे, नळीने पिणे, जोरात चूळ भरणे बंद. लाळ गुलाबी दिसली तर ते चालते, तोंड रक्ताने भरत असेल तर पुन्हा वीस मिनिटे गॉझ, तरी न थांबल्यास फोन.

२ एप्रिल: जागा राखणे

६५ भोवती बँड आणि ६३ पर्यंत तारेचा फास. हे नसेल तर सहाव्या वर्षीची दाढ येताना ६५ ला पुढे ढकलते आणि ६४ च्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. बिघाड तीन प्रकारचे: सिमेंट विरघळून बँड हलणे, तार वाकून हिरडीत रुतणे, आणि बँडच्या कडेला थर साचून नवी कीड. घरी आठवड्यातून एकदा बोटाने हलवून पाहायचे. हलला तर त्याच आठवड्यात यायचे, कारण हलत्या बँडखाली महिन्याभरात दाढ किडते.

७४ चा चावा पूर्ववत. ५१ आणि ६१ काळे, चकचकीत आणि कठीण. मऊ आणि तपकिरी उरले असते तर लेप पुन्हा लावला असता.

१४ मे: दुसरे व्हार्निश

तीन महिन्यांनी. ५२ चा पांढरा पट्टा गुळगुळीत आणि चमकदार, म्हणजे थांबलेला. ६२ चा अजून खडबडीत. ओठ उचलून पाहिले तर ६२ जवळ थर साचलेला. ब्रश करणारा उजव्या हाताचा आहे आणि वरची डावी पटाशी त्याच्या मनगटाच्या वळणात सुटते. क्रम उलटा केला, सुरुवात ६२ पासून.

पुन्हा तीन दिवसांची नोंद मागवली. गोड दिवसाला ४, ५, ४ वेळा. रात्रीची बाटली २५ फेब्रुवारीपासून बंद.

१६ ऑगस्ट: सहामाही

वय ४ वर्षे ९ महिने, वजन १७ किलो. औषधांच्या मात्रांचा कागद नव्या वजनाने बदलला.

एक्स-रे: ८५ च्या मुळांमध्ये हाड भरून येत आहे. ७४ खाली कीड पुढे सरकलेली नाही. ५४ च्या फिलिंगची कड किंचित झिजली, भर घातली. ५१ आणि ६१ वर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड पुन्हा. सहा महिन्यांनी परत लावले की थांबलेली कीड थांबलेली राहण्याची शक्यता वाढते. सर्वत्र व्हार्निश, ६२ चा पट्टाही आता गुळगुळीत.

नवे: ६५ वर बँडच्या टाळूकडच्या कडेला पांढरा ठिपका. बँड हलत नाही, सिमेंट शाबूत. ब्रशचे केस बाहेरच्या बाजूनेच जात होते. तिथे एक बारीक, एका झुपक्याचा ब्रश दिला आणि तो धरायचा कोन घरच्यांच्या हाताने दोनदा करून घेतला.

पुढे: नोव्हेंबरच्या मध्याला व्हार्निश आणि ६५ चा ठिपका पाहणे, फेब्रुवारीत एक्स-रे. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दाढांमागे हिरडी फुगीर दिसू लागली की कळवायचे. ती दाढ कोणताही दात न पडता येते, म्हणून घरी ती दुधाचीच समजली जाते. तिच्या खाचा उघड्या होताच सीलंट (खाचा बुजवणारा लेप) लावायचा आहे.